हिरामणच्या जीपची आयुधं

धोंडुबाईनं हिरामणला पेणच्या एका सरकारी लिलावात ताडपत्री घ्यायला पाठवलं होतं. तिन्हीसांजेला ताडपत्री आली, पण ती एका जीपवर घातलेली होती.

धोंडुबाईनं आधी ताडपत्रीच्या कडा ओढून बघितल्या, कुठं फाटलीबिटली नाही ना याची खात्री करून घेतली, आणि मग विचारलं, "ताडपत्री बरी हाय. खाली काय हाय?"

"जीप हाय गो."

"ती मला दिसते. कुणाची?"

"आपलीच," हिरामण म्हणाला, आणि हे वाक्य तोंडातून निघाल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं ते पुन्हा एकदा म्हटलं. "आपलीच."

लिलावात ताडपत्री सुटी देत नव्हते, जीपसकटच घ्यावी लागत होती, असं त्याचं म्हणणं. हेच म्हणणं तो पुढं महिनाभर सगळ्या जोहे गावाला ऐकवत राहिला. जोह्यानं ते हसून ऐकून घेतलं, कारण हिरामणशी वाकडं घेऊन कुणाला परवडत नव्हतं. गावात घरटी गणपतीचा कारखाना, आणि निम्म्या कारखान्यांतले साचे हिरामणच्या हातचे. साच्यात चूक राहिली तर शंभर गणपती एकाच बाजूला बघायला लागतात.

प्लास्टरचं काय वाट्टेल ते करावं तर हिरामणनं. प्लास्टरचं पितांबर केलं तर ते रेशमासारखं सळसळेल की काय असं वाटायचं. एकदा त्यानं गणपतीमागचा लोड इतका मऊ दिसेल असा घडवला की गिऱ्हाइकाबरोबर आलेली म्हातारी "पाठ धरली बाय माझी" असं म्हणत त्याला टेकायला गेली. म्हातारीला फार लागलं नाही. लोडाचा कोपरा मात्र गेला. हिरामण ती गोष्ट सांगताना म्हातारीची नक्कल करायचा, आणि त्यात कौतुक लोडाचंच असायचं.

रंगकाम धोंडुबाईकडं. तिच्या बोटांत कुंचला असला की तोंड मोकळं असायचं, आणि ते मोकळं तोंड त्या पावसाळ्याआधीच्या दिवसांत जीपकडंच वळलेलं होतं. कारण जीप शेडमध्ये उभी होती, बरोबर मध्यात, जिथं ओल येत नाही आणि वारा लागतो. म्हणजे जिथं गणपती वाळत ठेवायचे तिथं.

"चारी चाकं ओढतात हिची," हिरामण तिला समजावायचा. "फोर बाय फोर."

"बाकीच्यांच्या गाड्यांची काय दोन चाकं बसून खातात?"

"व्हय. तसंच असतं ते."

"मग तुमी गाडीवर गेलायसा म्हणायचं," धोंडुबाई म्हणाली. "उरलेल्या दोन चाकांवर."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. नवऱ्यानं एखादं खूळ घरी आणावं आणि बायकोनं त्यावर तोंडसुख घ्यावं, एवढंच होतं. घोटाळा झाला तो कोलाडला.

कोलाडला तेव्हा नदीवर रबरी होड्यांतून उसळ्या खात जायचा खेळ नवानवा सुरू झाला होता. हिरामण एका दुकानदाराला नमुन्याचे गणपती दाखवायला गेला होता आणि हायवेच्या कडेच्या हॉटेलात मिसळ खात बसला होता. तेवढ्यात मुंबईच्या तीन जीपा येऊन उभ्या राहिल्या. हिरामणनं पाव हातातच ठेवला. त्या जीपांच्या अंगावर इतकं काय काय होतं की खाली जीप आहे हे शोधावं लागत होतं.

तो हात मागं बांधून उठला आणि दुसऱ्याच्या कारखान्यातली मूर्ती बघावी तसा एका जीपभोवती सावकाश फिरला. मालक होता डोक्यावर गॉगल चढवलेला एक गोरागोमटा माणूस. त्याला बोलताना दर दोन शब्दांनी एक 'ॲक्च्युअली' लागायचं.

"हे काय हो?" हिरामणनं काचेच्या बाजूनं वर गेलेल्या काळ्या नळकांड्याकडं बोट केलं.

"हे ॲक्च्युअली स्नॉर्कल आहे. गाडी पाण्यात गेली ना, तर ॲक्च्युअली इंजिन यातून श्वास घेतं."

"सोंड," हिरामण म्हणाला.

"म्हणजे, ॲक्च्युअली... हो."

"आणि हे?"

"विंच. गाडी अडकली की हिची दोरी सोडायची, झाडाला बांधायची, की ती ॲक्च्युअली स्वतःला ओढून काढते."

"पाश," हिरामण म्हणाला. त्याचा आवाज आता जरा खाली आला होता. बंपरवर पुढं आलेल्या दोन नळ्या त्यानं विचारल्याच नाहीत. ते दात होते, हे उघड होतं. त्यानं एकच शेवटचं विचारलं. "हे सगळं कधी वापरायला लागलं काय तुमाला?"

त्या माणसानं गॉगल डोक्यावरून डोळ्यांवर आणला आणि डोळ्यांवरून पुन्हा डोक्यावर नेला. "ॲक्च्युअली, अजून तशी वेळ नाही आली."

झालं. हिरामणच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गणपतीच्या एका हातात पाश असतो, दुसऱ्यात अंकुश. आजवर घडवलेल्या हजारो गणपतींच्या एकाही गिऱ्हाइकानं कधी पाश ओढून बघितला नव्हता, किंवा अंकुशाला धार आहे का असं विचारलं नव्हतं. ती आयुधं असतात. ती हातात असायला लागतात, नाहीतर मूर्ती अपुरी दिसते. जीपचंही तसंच होतं तर. आणि आपली जीप बिचारी जोह्यात रिकाम्या हातांनी उभी आहे.

घरी आल्यावर त्यानं प्लास्टरचं पोतं सोडलं.

पहिल्यांदा बंपर केला, दोन दातांसकट. शाडूत आकार काढून त्याचा साचा घेतला, आत काथ्याचे पुंजके दाबून दाबून भरले, म्हणजे तडा जायला नको, आणि वर असा काळा रंग दिला, त्यावर कोपऱ्याकोपऱ्याला रुपेरी खरवड अशी मारली, की चार वर्षं दगडधोंड्यांवर घासलेलं लोखंड वाटावं. मग विंच. विंचचा रूळ घडवताना हात सवयीनं चालत गेला आणि दोन्ही टोकांना कमळाच्या पाकळ्या उमटल्या. त्या पुसाव्यात असं त्याला क्षणभर वाटलं, पण पाकळ्या चांगल्या आल्या होत्या. रुळावर त्यानं चंदेरी रंगवलेली नायलॉनची दोरी गुंडाळली. सोंड करताना आत पीव्हीसीची नळी घातली, ती वाऱ्यानं हलू नये म्हणून. एवढीच काय ती तडजोड. टपावरचा कॅरिअरही प्लास्टरचा करायचा होता, पण तो दोनदा अंगावर आला, तेव्हा चार खांब रोवून बांबूचा मांडव बांधतात तसा माच बांधला आणि रंगानं त्याचं लोखंड केलं. बाजूच्या पायऱ्यांना मूर्तींखालचे जाड पाट ठोकले.

"अवो," धोंडुबाई एका उंदराला गुलाबी करता करता म्हणाली, "तुमच्या जीपला मोदक कुठल्या हातात देणार?"

मोदकाचा विचार हिरामणच्याही मनात येऊन गेला होता.

गावानंही दाद दिली. संध्याकाळी माणसं बघायला यायची. "बंपर वजनी दिसतो रं," असं कुणी म्हणालं की हिरामण "हाय तसा" एवढंच म्हणायचा आणि दिवसभर तेच घोळवत राहायचा. खोटं तो एकदाही बोलला नाही. कुणी विचारलंच नाही तर आपण होऊन काय सांगायचं?

आषाढ लागला आणि धोंडुबाईच्या तोंडातली गंमत संपली. शेडमध्ये गणपती ठेवायला जागा उरली नाही. ओला माल घरात आला, घरातली माणसं ओट्यावर आली. ओट्यावर पावसाची झड येत होती.

एका दुपारी तिनं कुंचला बाजूला ठेवला. ती कुंचला ठेवून बोलायला लागली की हिरामण बसलेला असेल तर उभा राहायचा.

"दिव्याच्या आवसेपर्यंत," ती म्हणाली. "तवर हिनं कायतरी काम धरलं तर ठीक. तिकडं जाऊन उभी राहील, मला जागा मोकळी होईल. नायतर पेणच्या गुणाजीला निरोप धाडते. तो भंगारात घेईल. त्यानं रस्त्यावरनंच बघून ठेवलीय हिला."

"गुणाजी तोडतो गो सगळं."

"मग भंगारवाला काय पूजा करील?"

ती रागात असती तर हिरामणनं वाद घातला असता. पण ती दमलेली होती आणि तिचं बरोबर होतं. तो शेडमध्ये गेला, जीपच्या सीटवर बसला आणि चाक धरून थोडा वेळ नुसताच समोर बघत राहिला. समोर भिंत होती. पण चाक हातात असलं की भिंतसुद्धा जरा लांब वाटते. आयुष्यात त्यानं घडवलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच्या घरी गेली होती. ही एकच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जीप काढली आणि कोलाड गाठलं.

नदीकाठच्या एका कॅम्पचा मॅनेजर होता दत्तात्रेय. मूळचा कोलाडजवळचाच, भातशेतीवाल्याचा मुलगा, पण पर्यटकांना सूचना देऊन देऊन त्याचं बोलणं सगळंच सूचनांसारखं झालं होतं. तो घरी आईला भाकरी मागतानाही हात वर करून, "सगळ्यांनी लक्ष द्या," म्हणत असावा असं वाटायचं.

"नमस्कार सर, वेलकम सर," तो म्हणाला, मग हिरामणचं धोतर-सदऱ्यातलं ध्यान बघून त्यानं "काका" धरलं. "काका, आपल्याला सीझनसाठी जीप पाहिजे. काम काय, तर होड्यांचा ट्रेलर ओढणे. दुसरं काम, पाहुण्यांना खालच्या घाटापर्यंत सोडणे. तिसरं काम, कुणी अडकलं तर काढणे." बोलता बोलता त्यानं जीपला एक फेरी मारली, आणि फेरी संपेपर्यंत त्याच्यातला मॅनेजर गळून पडला आणि भातशेतीवाल्याचा मुलगा उरला. "आयला, काका. विंच हाय?"

"हाय," हिरामण म्हणाला.

"किती टनाचा?"

"तसा हलका हाय."

"हलका तर हलका. आज तेवढंच पाहिजे. आमचा पिकअप खाली चिखलात बसलाय सकाळपासून. तो ओढून दाखवा, की आजपासनं तुमची गाडी इथं लागली म्हणून समजा."

हिरामणनं सांगायला तोंड उघडलं होतं. खरोखर उघडलं होतं. पण तोवर लाइफ जॅकेटं घातलेले दहा-बारा पाहुणे जीपभोवती जमले होते आणि मोबाईल बाहेर आले होते. एक बाई विंचकडं वाकून म्हणाली, "किती सुंदर काम आहे. हॅन्डमेड वाटतंय." तिनं पाकळ्यांवरून बोट फिरवलं. आजवर हिरामणच्या साच्यांना कुणी सुंदर म्हटलं ते देवाला म्हणून म्हटलं होतं. त्यानं उघडलेलं तोंड मिटलं.

पिकअपच्या ड्रायव्हरनं चंदेरी दोरीचं टोक नेऊन आपल्या हुकाला बांधलं. दत्तात्रेयनं हात वर केला. "सगळ्यांनी मागं व्हा. दोरीच्या रेषेत कुणी उभं राहू नका. काका, रिव्हर्स घ्या. सावकाश."

हिरामणनं चारी चाकांचा गिअर टाकला, मनातल्या मनात हात जोडले आणि जीप मागं घेतली. जीप मागं आली. अगदी छान आली, एक धक्का नाही, चाक फिरणं नाही. फक्त बंपर, विंच आणि दोन्ही दात जिथल्या तिथं राहिले. ते एक क्षण दोरीवर लोंबकळले आणि चिखलात बसले. मधोमध मोडलेल्या बंपरच्या पांढऱ्या फटीतून काथ्याचा पुंजका म्हाताऱ्याच्या दाढीसारखा बाहेर आला.

नदीचा आवाज तेवढा येत होता.

दत्तात्रेय खाली वाकला, बंपरला नखानं टोकरलं, बोट पांढरं झालं. "काका, हे काय?"

"प्लास्टर."

"विंच?"

"प्लास्टरच."

"ही नळी?"

"आत पीव्हीसी हाय. वर प्लास्टर."

"इंजिन?"

"नाय नाय," हिरामण घाईनं म्हणाला, "इंजिन लोखंडाचं हाय."

मग जे हसणं सुटलं, त्यात पिकअपचा ड्रायव्हरही होता. तो तर अजून चिखलात घोट्यापर्यंत उभा होता. हिरामणही थोडा हसला, कारण न हसता उभं राहणं जास्त कठीण होतं. पण काम गेलं हे त्याला कळलं होतं, आणि काम गेलं म्हणजे काय गेलं हेही कळलं होतं.

"मी साधी दोरी बांधून काढतो पिकअप," तो म्हणाला. "चासीला बांधू. ओढंल ती."

"ओढेल हो, काका, मला पण दिसतंय," दत्तात्रेय त्याला जरा बाजूला नेऊन म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. "पण माझी अडचण समजून घ्या. मी या लोकांना नदीत घालायच्या आधी सांगतो, जॅकेट पक्कं आहे, हेल्मेट पक्कं आहे. आता तुमची गाडी इथं उभी राहिली तर प्रत्येक जण जॅकेट दाबून बघणार, आत काय भरलंय म्हणून. तो बघा, एक बघतोच आहे."

खरंच एक जाडसर गृहस्थ हेल्मेटवर टिचकी मारून कानाजवळ नेत होता.

हिरामणनं तुकडे गोळा केले, मागच्या सीटवर ठेवले आणि तोंड गेलेली जीप घेऊन तो परत निघाला. नागोठण्यापर्यंत तो दत्तात्रेयची नक्कल करत होता, एकटाच. "सगळ्यांनी मागं व्हा. दोरीच्या रेषेत कुणी उभं राहू नका." नागोठण्यानंतर त्याला तेही करवेना.

संध्याकाळी धोंडुबाईनं बघितलं तर तो शेडमध्ये उकिडवा बसून बंपर सांधत होता.

"कोलाडला काय झालं?"

"काय नाय."

"काय नाय झालं त्याला एवढं प्लास्टर लागतं व्हय?"

त्यानं मान वर केली नाही. पुढं बोलायला धोंडुबाईकडं चांगली दोन-तीन वाक्यं तयार होती, पण त्याची पाठ बघून तिनं ती गिळली आणि चहा ठेवायला आत गेली. निरोप मात्र तिनं धाडला. ओट्यावर झड येतच होती.

दिव्याच्या आवसेला सकाळी पेणहून गुणाजी आला. बरोबर टेम्पो आणि सखा नावाचा त्याचा घणवाला गडी. गुणाजीची रीत अशी की माल बघायच्या आधी खोकायचं, आणि खोकल्यातच सांगून टाकायचं की मालात काही राम नाही.

"गेलेली गाडी हाय ही, हिरामणदादा," तो जीपकडं न बघता म्हणाला. "वैनींचा निरोप आला म्हणून आलो. नायतर हल्ली लोखंडाला कोण विचारतंय."

बोलता बोलता त्याचा डोळा मात्र बंपरवर होता. रस्त्यावरून जाता-येता त्यानं हा बंपर मनातल्या मनात कितीदा तरी काट्यावर चढवला होता. हिरामणनं तो असा सांधला होता की कुठं मोडला होता ते ब्रह्मदेवालाही सापडलं नसतं. जीप पुन्हा सगळ्या आयुधांनिशी उभी होती. हिरामण फडक्यानं तिची काच पुसत होता. जायचंच आहे तर स्वच्छ जाऊ दे, असं त्यानं ठरवलं असावं.

गुणाजीनं खिशातून सुतळीला बांधलेला लोहचुंबक काढला. जुन्या स्पीकरमधला होता. तो त्यानं बंपरला लावला आणि हात सोडला. चुंबक खाली पडला. गुणाजीनं तो सदऱ्याला पुसला आणि विंचला लावला. पडला. सोंडेला लावला. पडला. मग गुणाजी टेम्पोकडं गेला, टेम्पोच्या दाराला चुंबक लावून बघितला. तो टक्कन चिकटला. तो ओढून काढून गुणाजी परत आला आणि दातांना लावला. पडला.

"हिरामणदादा," तो खोकायचं विसरून म्हणाला, "ही जीप हाय कशाची?"

"पत्रा लोखंडाचा हाय. चासी लोखंडाची हाय."

"आणि हे?"

"ती आयुधं हायत."

गुणाजीनं कपाळाला हात लावला. पण टेम्पोचा हेलपाटा फुकट घालवणारा तो नव्हता. "ठीक. वरचं फोडून काढू, खालचं नेऊ. सखा, घण आण."

सखानं घण आणला, उचलला, आणि तो तसाच वर राहिला. "मालक, याला कमळ हाय."

"कुठं?"

"हे काय. पाकळ्या हायत." सखानं घण खाली ठेवला आणि पायातल्या चपला काढल्या. "गणपतीच्या कारखान्यातनं निघालेलं, कमळावर बसवलेलं. मी नाय मारणार. घरी पोरंबाळं हायत माझ्या."

"अरे, विंच हाय तो."

"मग तुमी मारा."

गुणाजीनं घण घेतला. पाकळ्यांकडं बघितलं. मग तो घण त्यानं मोठ्या अदबीनं हिरामणपुढं धरला. "दादा, तुमीच केलंय. तुमीच काढा."

"मी घडवलंय," हिरामण म्हणाला. "मी कसा फोडू?"

घण धोंडुबाईकडं गेला. तिनं तो हातातही घेतला नाही. तिच्या हयातीत या शेडमध्ये नाक गेलेले, कान गेलेले, साच्यातच बिघडलेले किती गणपती निघाले होते, पण कुणावर हातोडा पडला नव्हता. बिघडलेला माल पाटीत घालून, वर फडकं टाकून खाडीवर न्यायचा, अशीच रीत होती. जीप जाऊ दे, असं ती महिनाभर म्हणत होती. पण ते कसं जाईल हे तिनं डोळ्यांपुढं आणलं नव्हतं.

"आमच्यात फोडत नाय," ती म्हणाली. "खाडीत सोडतात."

"वैनी, जीप खाडीत सोडून मी काय नेऊ?"

"ते मला काय विचारता? तुमी भंगारवाले."

गुणाजीनं चुंबक खिशात घातला. निघताना त्याला एक मोठा, खराखुरा खोकला आला. सखानं मात्र जाता जाता जीपला हात जोडले, आणि टेम्पोत बसल्यावर पुन्हा एकदा जोडले.

हिरामण फडकं हातात घेऊन तसाच उभा होता. हसावं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"हसू नका," धोंडुबाई म्हणाली. "जागा कुठं झालीय अजून मला?"

आणि खरंच, जागा झाली नव्हती. दुपारून वारा फिरला, झड ओट्यावरून थेट माजघरात यायला लागली. सगळी धावाधाव. धोंडुबाई रोह्याच्या एका दुकानदाराच्या मालातला अर्धा रंगवलेला गणपती छातीशी धरून शेडमध्ये आली, उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, आणि वैतागून हातातला गणपती जीपच्या बॉनेटवर ठेवला. तो बसला. हलला नाही, घसरला नाही. वरून गळत नव्हतं, खालून ओल येत नव्हती.

मग तिनं दुसरा त्याच्या शेजारी ठेवला. तिसरा-चौथा पुढच्या सीटवर गेले. बाजूच्या पाटांवर हिरामणनं लहानांची ओळ लावली, मागं मोठे बसवले, आणि टपावरच्या बांबूच्या माचावर उंदरांची सगळी पलटण चढली. चौफेर वारा, चार थर, आणि खालची जमीन जेवढी जीपनं अडवली होती तिच्या तिप्पट जागा निघाली.

"एवढी फळ्यांची मांडणी करायची म्हटली असती तर सुतारानं चार महिने लावले असते," हिरामण हळूच म्हणाला.

"तुमी बोलू नका," धोंडुबाई म्हणाली. पण संध्याकाळी घरातली माणसं ओट्यावरून आत झोपायला गेली, आणि आवस कधी टळली याचा विषय कुणी काढला नाही.

श्रावण असाच गेला. जीपवर बसूनच गणपतींचे पितांबर झाले, मुकुट झाले. धोंडुबाईनं त्यांचे डोळे आखले तेही जीपभोवती फिरत फिरत, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढत. चतुर्थी जवळ आली तसा रोह्याचा माल पोचवायचा दिवस उजाडला. टेम्पोवाला दाराशी येऊन हॉर्न मारायला लागला. धोंडुबाईनं भरलेल्या जीपकडं बघितलं, टेम्पोकडं बघितलं.

"हितनं उतरवायचे, त्यात चढवायचे, रोह्याला परत उतरवायचे," ती म्हणाली. "मधल्यामधी दोन सोंडा आणि पाच-सात बोटं जाणार. अवो, ही चालते ना?"

"चारी चाकांवर," हिरामण म्हणाला.

टेम्पोवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. बॉनेटवरचे आणि चाकामागच्या सीटवरचा गणपती मागं सरकवले, मधल्या फटींत पेंढा दाबला, पुढची बाजू मोकळी ठेवून वरून तीच ती ताडपत्री ओढून बांधली. पुढच्या सीटवरचा एक गणपती मांडीवर घेऊन धोंडुबाई त्याच्या जागी बसली. जीपमध्ये बसायची तिची ही पहिलीच वेळ. शेडबाहेर पडताना तिनं डोळे मिटले होते. वडखळ मागं पडल्यावर एक उघडला.

नागोठण्यानंतर रस्ता भिसे खिंडीकडं वळला. खड्ड्यांतून ट्रक आदळत होते, पण धोंडुबाईच्या मांडीवरचा गणपती दिसला की समोरचा ट्रकवाला आपण होऊन कडेला होत होता. एकानं तर थांबून हात जोडले. हिरामणनं मान लववून नमस्कार घेतला.

"तुमाला नाय केला तो," धोंडुबाई म्हणाली.

"माहीत हाय गो."

खिंडीतलं पहिलं वळण आलं. धोंडुबाई दाराकडं सरकली. दुसरं आलं, ती हिरामणच्या अंगावर आली. गणपती तिनं दोन्ही हातांनी धरलेला, पण तिला धरायला कुणी नव्हतं. तिसऱ्या वळणानंतर तिनं पदर खोचला, गणपती एका कुशीत घेतला आणि मोकळ्या हातानं समोर, वर, बाजूला चाचपून बघितलं.

"अवो, मी धरू कशाला?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे. बाहेरनं एवढं सतरा परीचं लावलंत. आत बसणाऱ्या माणसाला वळणावर धरायला साधा दांडा नाय."

हिरामणनं गाडीचा वेग कमी केला. समोर, काचेच्या खाली, तिच्या हाताच्या उंचीवर, त्याला तो दांडा दिसायलाच लागला. दोन्ही टोकांना मकराची मुखं, मध्ये पीळ, आणि पिळावर बारीक वेल.

"करतो," तो म्हणाला. "गणपती झाले की पहिलं तेच करतो. असा दांडा घडवतो, की बघणाऱ्यानं..."

"लोखंडाचा," धोंडुबाई म्हणाली, आणि चौथ्या वळणाला तिनं त्याचाच दंड घट्ट धरला.